नटाखालचा रंग

फोन चार्ज होईनासा झाला की आपण काय करतो? केबल काढून पुन्हा खुपसतो. पोर्टमध्ये फुंकर मारतो. तरी जमलं नाही तर टूथपिकने आत अडकलेला खिशातला कचरा कोरून काढतो, आणि बहुतेक वेळा टक्केवारी पुन्हा चढायला लागते. बॅटरी चांगली असते, चार्जरही चांगला असतो. बिघाड असतो तो दोघांच्या मध्ये, जिथे एक धातू दुसऱ्या धातूला टेकतो त्या जागी.

गेल्या वर्षी पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे माझे बरेचसे शनिवार-रविवार अशाच जागा साफ करण्यात गेले. फोनच्या नव्हे, गाडीच्या. आजोबांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीला घरामागच्या शेडमध्ये २०११ पासून उभी आहे. आजोबा गेले त्या वर्षापासून. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इंजिनिअरिंगची डिग्री आहे, पण गाडीच्या वायरिंगला कधी हात लावला नव्हता. घरात कोणीच लावत नव्हतं. आमच्याकडे त्यासाठी एक वाक्य होतं, आजोबांचं: "ज्याला कळत नाही त्याने वायरीला हात लावू नये."

हे वाक्य बाबांसाठी होतं.

घाटातली गोष्ट

डिसेंबर १९९८. कोल्हापूरचं लग्न आटोपून आजोबा, आजी, आई, बाबा आणि आईच्या मांडीवर दीड वर्षांचा मी, असे सगळे पद्मिनीतून रत्नागिरीला परत येत होतो. आंबा घाट उतरताना रात्री दोन्ही हेडलाइट गेले. आधी मंद झाले, मग काहीच नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. आजोबांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. मागून एक ट्रक आला, त्याला हात केला, आणि त्याच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून आम्ही साखरप्यापर्यंत उतरलो. आजी सांगते की ती पूर्ण वेळ रामरक्षा म्हणत होती, आणि मी पूर्ण वेळ झोपलो होतो.

त्याच्या आधी, दिवाळीत, बाबांनी गाडीत कॅसेट प्लेअर बसवला होता. स्वतः. डॅशबोर्डखालची एक वायर सोलून, तिला पीळ देऊन दुसरी जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. घाटानंतर मिस्त्रींनी तो जोड काढून टाकला आणि दिवे लागले. निकाल लागला. त्यानंतर बाबांनी गाडीच काय, घरातल्या मिक्सरचा प्लगही बदलला नाही. बल्ब गेला तरी वायरमनला बोलावणं जायचं. मी मोठा झालो तो हे गृहीत धरूनच की बाबांना 'त्यातलं' काही कळत नाही. माझ्याबद्दल आजोबा एकदा म्हणाले होते, "चला, एक तरी जाणता निघाला." बाबा तिथेच बसले होते.

गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली तेव्हा मला एवढंच हवं होतं की दिवे लागावेत, हॉर्न वाजावा आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला उभी राहू शकावी. घाटाचा खटला पुन्हा चालवायचा माझा काही विचार नव्हता.

एका गाडीत किती देश

डॅशबोर्डखाली मान घालून पडलं की पहिली गोष्ट कळते ती ही, की गाडी एका कारखान्यात बनत नाही. ती अनेक ठिकाणी बनते आणि एका कारखान्यात जोडली जाते.

पद्मिनी कुर्ल्याची. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढली. सोलापूरचा हा माणूस जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी भारतात बनाव्यात म्हणून इंग्रज सरकारशी भांडत राहिला. मोटारीच्या कारखान्याचा विचार तर त्याआधीपासूनचा. विश्वेश्वरय्या १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेतले कारखाने बघून आले होते आणि मुंबईत मोटारीचा कारखाना व्हावा यासाठी त्यांनी योजनाही आखली होती. पण तोपर्यंत इथे परदेशी कंपन्यांचे जुळणीचे कारखाने आले होते. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवत होती. सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथे नट आवळले जायचे.

प्रीमियरचीही सुरुवात जुळणीनेच झाली, क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांपासून. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने धोरण ठरवलं: ज्यांच्याकडे भाग इथेच बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच गाड्या कराव्यात, नुसती जुळणी करणाऱ्यांनी निघावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर राहिली.

'भाग इथे बनवा' हे बोलायला सोपं. गाडीत इंजिन एक असतं, पण वायरींची टोकं शंभराच्या घरात असतात. प्रत्येक टोकाला पितळेचा एक छोटा तुकडा लागतो, प्रत्येक दिव्याला होल्डर, प्रत्येक बटणाला आत तांब्याची पट्टी. हे सगळं बनवणारे कारखाने हळूहळू उभे राहिले. बंगळुरूला १९५१ मध्ये स्पार्क प्लग बनवणारी मायको आली. मद्रासजवळ पाडीला १९६१ मध्ये इंग्लंडच्या लुकासशी भागीदारी करून लुकास-टीव्हीएस आली, स्टार्टर आणि डायनॅमो बनवायला. फियाटची ११०० डी ही गाडी इटलीत १९६२ मध्ये आली आणि दोन वर्षांनी कुर्ल्यात बनू लागली. तिलाच १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. बाहेरून थोडेफार बदल होत ती या शतकाच्या सुरुवातीपर्यंत निघत राहिली. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची पद्मिनी तर आणखी पुढे चालली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली.

आमच्या गाडीच्या किल्लीच्या स्विचमागे ३० आणि १५/५४ असे आकडे कोरलेले आहेत. बॅटरीतून थेट येणारी वीज म्हणजे ३०, किल्ली फिरवल्यावर मिळणारी म्हणजे १५. ही जर्मन पद्धतीची आकडेवारी, ती इटलीत गेली, तिथून कुर्ल्याला आली. तिच्याभोवती पंचवीस वर्षांची भारतीय भर: मूळ वायरीला जोडलेली घरगुती वायर, स्कूटरचा म्हणून ओळखू येणारा फ्लॅशर, एका जागी चक्क सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावून चालवलेला फ्यूज. पुरातत्त्वखात्याला जसे मातीचे थर दिसतात तसे इथे वायरींचे थर होते.

टेकणं म्हणजे काय

गाडीत वीज आली ती स्टार्टरमुळे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेवरचा स्टार्टर आला आणि हँडल मारून गाडी चालू करायचे दिवस सरायला लागले. स्टार्टर म्हटलं की मोठी बॅटरी आली, ती भरायला डायनॅमो आला, आणि एवढी वीज आहेच तर रॉकेल आणि ॲसिटिलीनचे कंदील कशाला? इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासने धंदा सुरू केला होता तो गाडीवर रॉकेल विकून. मग त्याने सायकलचे कंदील केले, त्यांचं नाव 'किंग ऑफ द रोड'. त्याच्या कंपनीने पुढे इंग्रजी गाड्यांची सगळी वीज सांभाळली, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन थट्टेने लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणू लागले. रस्त्याच्या राजापासून अंधाराच्या राजपुत्रापर्यंतचा हा प्रवास बहुतांशी जोडांनीच घडवला. वायर सहसा मधेच मरत नाही, टोकाला मरते.

असं का होतं, हे नीट समजावून सांगणारा माणूस म्हणजे रॅग्नर होल्म. मूळचा स्वीडिश, बर्लिनला सीमेन्समध्ये काम केलं, नंतर अमेरिकेत गेला. धातूचे दोन तुकडे एकमेकांवर दाबले की आपल्याला वाटतं ते पूर्ण पृष्ठभागाने टेकले. होल्मने दाखवलं की तसं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली कोणताही गुळगुळीत धातू म्हणजे सह्याद्री. दोन डोंगररांगा एकमेकींवर उलट्या ठेवल्या तर टेकतील फक्त काही शिखरं. सगळी वीज त्या मोजक्या शिखरांतून जाते. शिखरांवर गंज चढला की वाट आणखी अरुंद होते, तिथे उष्णता होते, उष्णतेने गंज वाढतो, आणि हे चक्र एके रात्री घाटात पूर्ण होतं.

केबल काढून पुन्हा लावल्यावर फोन का चार्ज होतो, याचंही उत्तर यातच आहे. घालता-काढताना धातू धातूवर घासतो, वरचा पातळ थर खरवडला जातो, नवी शिखरं उघडी पडतात. जुन्या फियाटमधले फ्यूज चिनी मातीचे, दोन्ही टोकांना निमुळते. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. दिवा लागला नाही तर फ्यूज जागच्या जागी बोटाने फिरवायचा, टोकं घासली जातात, दिवा लागतो. होल्मचं पुस्तक न वाचता होल्मचा सिद्धांत वापरायचा तो असा.

जोड टिकवायचे कसे, याची मोठी सुधारणा युद्धात झाली. १९४१ मध्ये अमेरिकेत एएमपी नावाची कंपनी निघाली. विमानं आणि जहाजांसाठी तिने डाग न देता करायचे जोड बनवले: वायरीचं टोक धातूच्या नळीत घालायचं आणि हत्याराने इतकं दाबायचं की तारा आणि नळी यांच्यात हवेला शिरायलाच जागा उरू नये. हवा नाही तर गंज नाही. यालाच क्रिंपिंग म्हणतात. पुढे १९५० च्या दशकात त्याच कंपनीचं 'फास्टॉन' आलं: चपटं पातं आणि त्यावर बसणारी चिमटीसारखी टोपी. लुकासने आपल्याकडच्या अशा जोडाला 'लुकार' म्हटलं. आपल्या गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'लग' म्हणतात. आज कुठल्याही स्कूटरचं पॅनेल उघडा, मिक्सर उघडा, तेच पाव इंच रुंदीचं पातं दिसेल.

आजीची चिंच

रत्नागिरीत समुद्राची हवा. आमच्या गाडीतले पितळी लग हिरवे झाले होते, काही काळे. मिस्त्री लोक या सगळ्याला 'कार्बन आलाय' म्हणतात. कार्बनचा काही संबंध नसतो, तो तांब्याचा गंज असतो आणि खाऱ्या हवेने केलेले त्याचे क्षार. पण शब्द छान आहे, तो मीही उचलला.

पहिल्या दिवशी मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. तीन लग चकाचक केले आणि आजीला दाखवले. तिने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "याची कल्हई का काढलीस?"

मला उलगडा झाला. लगांवरचा पांढुरका थर म्हणजे कथलाचा मुलामा. पितळी भांड्यात ताक कळकू नये म्हणून कल्हईवाला नवसागर लावून जो थर देतो, तोच. कथलावरही गंज येतो, पण तो पातळ आणि ठिसूळ असतो, लग दाबून बसवला की तडकतो आणि खालचा धातू टेकतो. म्हणूनच कारखान्यात लगांना कल्हई करतात. मी पॉलिश पेपरने नेमका तो थर घासून उघडं पितळ मोकळं केलं होतं, पुढच्या पावसाळ्यात आणखी लवकर हिरवं होण्यासाठी.

मग पद्धत बसली. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. प्रत्येक कपलरचा उघडण्याआधी फोटो, प्रत्येक वायरीला कागदी पट्टीवर आकडा. वायर ओढायची नाही, कपलर धरून हलवत काढायचा, कारण जुनं प्लॅस्टिक बिस्किटासारखं मोडतं. ज्या लगांची कल्हई शाबूत आहे ते फक्त कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवायचे आणि दोन-चार वेळा घालून-काढून बसवायचे. जे काळे आहेत त्यांना काचतंतूच्या पेन्सिलीने हलक्या हाताने. जे हिरवेगार आहेत ते वायरीतून सुटत असतील तरच आजीच्या चिंचेच्या कोळात. चिंचेतलं आम्ल तांब्याचा गंज विरघळवतं. आजी मीठही घाल म्हणाली, भांड्यांना घालतात तसं. मी घातलं नाही, कारण मिठाचा अंश फटीत राहिला तर समुद्राने केलेलं काम आपणच पुढे न्यायचं. आम्लानंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, मग ऊन. चिमटी सैल झाली असेल तर पकडीने किंचित आवळायची, कारण साफ जोड सैल असेल तर शिखरं टेकणारच कशी? शेवटी बाहेरून पेट्रोलियम जेलीचं बोट, हवा आणि पाणी अडवायला.

आणि जो लग गेलाच आहे तो बदलायचा, नवा क्रिंप करून. डाग देण्याचा मोह होतो, पण कथील तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि गाडीच्या थरथरीने नेमका तिथेच तुटतो.

डायरी

आजोबा रोज डायरी लिहायचे. कुठूनतरी फुकट मिळालेल्या त्या डायऱ्यांत पेट्रोल किती, भाव काय, किलोमीटर किती, दुरुस्ती कोणती, सगळं. मला कोणती वायर कधी बदलली हे शोधायचं होतं म्हणून मी १९८६ पासूनच्या डायऱ्या काढल्या. १९९८ च्या डायरीत मी थांबलो.

मे: "गाडी रंगवून आणली. काम समाधानकारक."

ऑगस्ट: "हेडलाइट मंद वाटतात. इंडिकेटर लावला की डावा दिवा मिणमिणतो. पावसामुळे असावे."

ऑक्टोबर: "टेप बसवला (चिरंजीव)."

डिसेंबर: "आंबा घाटात दिवे गेले. ईश्वरकृपा. मिस्त्रींनी टेपचा जोड काढला, पुढचे सर्व नट आवळले. दिवे उत्तम."

ऑगस्टची नोंद मी पुन्हा वाचली. मग पुन्हा. दिवे मंद होते ऑगस्टमध्ये. टेप बसला ऑक्टोबरमध्ये.

आणि डिसेंबरची नोंद. माझ्या कामात हे रोज होतं: कोणीतरी एकाच वेळी दोन बदल करतो, बग जातो, आणि श्रेय त्या बदलाला मिळतं ज्याच्यावर आधीपासून संशय होता. मिस्त्रींनी दोन गोष्टी केल्या होत्या. घराने एकच लक्षात ठेवली.

मी टॉर्च घेऊन शेडमध्ये गेलो. बाबांच्या जोडाची तोडलेली दोन टोकं डॅशबोर्डखाली अजून होती, काळी टेप चिकट होऊन लोंबत होती. टेप सोडवली. आतला पीळ घट्ट होता, तारा अजून तांबूस. ती वायर कुठून निघते ते मीटर लावून बघितलं. ती होती हॉर्नच्या बाजूच्या फ्यूजवरून. हेडलाइटचे फ्यूज वेगळे, डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. बाबांच्या जोडाने काही झालंच असतं तर तो एक फ्यूज उडाला असता आणि टेप बंद पडला असता. दोन्ही दिवे एकदम जायला दोघांत सामाईक असं काहीतरी बिघडायला हवं.

सामाईक काय होतं

गाडीच्या विजेत एक काटकसर आहे. घरात दिव्याला दोन तारा जातात. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच जाते. परतीची तार म्हणजे गाडीचा पत्रा. दिव्याची दुसरी तार जवळच पत्र्याला बोल्टने आवळतात, बॅटरीची निगेटिव्हही पत्र्यालाच. याला गॅरेजच्या भाषेत 'बॉडी अर्थ'. तांबं वाचतं, वजन वाचतं. पण मग प्रत्येक दिव्याचा अर्धा भरवसा एका नटावर राहतो, आणि पत्रा तर रंगवलेला असतो.

आमच्या गाडीत दोन्ही हेडलाइटच्या अर्थच्या वायरी समोरच्या पत्र्यावर एकाच बोल्टखाली होत्या. मी बॅटरी जोडली, दिवे लावले आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं त्या थिंबलला लावलं. जोड चांगला असेल तर तिथे शून्याच्या जवळपास आकडा दिसायला हवा. दिसला ३.१ व्होल्ट.

म्हणजे बॅटरीच्या बारातले तीन व्होल्ट दिव्यापर्यंत पोचतच नव्हते, त्या एका नटाखाली जळत होते. दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने पडतो. पाव व्होल्टेज गेलं की निम्म्याहून जास्त उजेड जातो. आणि साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज धरली तर त्या नटाखाली साधारण २० वॉटची उष्णता. छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं.

दिवे बंद केले, नट सोडला, थिंबल उचलली.

खाली रंग होता. गुळगुळीत, अख्खा, क्रीम रंग. १९८६ चा मूळ रंग आकाशी होता, तो बाजूच्या ओरखड्यात दिसत होता. क्रीम मे १९९८ चा. गाडी रंगवताना पुढचे दिवे काढले असणार, पत्र्याला पूर्ण रंग मारला असणार, आणि मग थिंबल त्या रंगावरच आवळल्या असणार. वीज जात होती ती फक्त बोल्टच्या आट्यांतून. पाऊस आला, आट्या गंजल्या, दिवे मंद झाले. इंडिकेटर लावला की त्याची वीज परतीची वाट शोधत शेजारच्या दिव्यातून जायची, म्हणून तो मिणमिणायचा. आजोबांनी हेच तर लिहून ठेवलं होतं. डिसेंबरमध्ये मिस्त्रींनी नट आवळला तेव्हा थिंबल जरा फिरली, एका कडेला चंद्रकोरीएवढा रंग खरवडला गेला, आणि त्या कोरीवर गाडी पुढची बारा वर्षं चालली. ती कोर मला दिसत होती. आता तिच्यावरही गंज होता.

मी फोटो काढला. मग पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, थिंबल साफ करून आवळली आणि वरून रंगाचा हात दिला. आधी धातू धातूला टेकवायचा, रंग त्यानंतर. पुन्हा मीटर लावला. ०.०८.

निकाल

रात्री जेवण झाल्यावर डायरी आणि फोनमधला फोटो बाबांसमोर ठेवला. नटाबद्दल सांगितलं, फ्यूजबद्दल सांगितलं. बाबांनी ऑगस्टचं पान वाचलं. मग दिवाळीचं. 'चिरंजीव' या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसले.

"तुमचा जोड ठीक होता, बाबा," मी म्हणालो.

"मला वाटायचं तसं," ते म्हणाले. "पण दिवे लागले ना तो काढल्यावर. मग काय बोलणार?"

आई म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते." आजी काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "ह्यांना कळलं असतं तर?" मला उत्तर सुचलं नाही. आजोबा खोटं बोलले नव्हते. उलट त्यांनी प्रामाणिकपणे सगळं लिहून ठेवलं होतं, स्वतःच हौसेने दिलेल्या रंगासकट. नोंदी खऱ्या होत्या, फक्त त्या एकमेकींना चुकीच्या जागी जोडल्या गेल्या.

इतिहास म्हटलं की आपल्याला वालचंद हिराचंद आठवतात, टॅरिफ कमिशन, करार, पहिली गाडी आणि शेवटची टॅक्सी. तो मोठा इतिहास लिहिलेला असतो, छापलेला असतो. पण यंत्र एकदा कारखान्याच्या दारातून बाहेर पडलं की त्याचं पुढचं आयुष्य लिहिलं जातं ते नटाखाली, टेपखाली, कपलरच्या आत. तिथे कोणी हात लावला, काय वापरलं, कधी, हे सगळं असतं. जुनी गाडी 'नव्यासारखी' करायला निघालेले लोक पूर्ण वायरिंग उपटून नवं टाकतात. मलाही तसं सुचवलं गेलं होतं आणि ते सोपं पडलं असतं. पण नवं वायरिंग टाकलं असतं तर तो बोल्ट नव्या जागी गेला असता, क्रीम रंगावर आणखी एक रंग बसला असता, आणि बाबा कायमचे दोषी राहिले असते.

गाडीची तपासणी अजून व्हायची आहे. ब्रेकचं काम बाकी आहे, कागदपत्रांचं तर विचारू नका. पण दिवे लागतात, आणि इंडिकेटर लावला तरी मिणमिणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी उठून शेडमध्ये गेलो तर गाडीचं दार उघडं होतं आणि दारातून बाबांचे पाय बाहेर आलेले. ते डॅशबोर्डखाली होते. लुंगीवर धूळ, तोंडात टॉर्च. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी टॉर्च काढला.

"ते दाबायचं हत्यार कुठे आहे रे तुझं?" त्यांनी विचारलं. "ही दोन टोकं नीट जोडून टाकतो. टेप माळ्यावर असेल अजून."